जहाजाचं घड्याळ

न्यूटाउनच्या रस्त्यावर, बेकरीच्या थोडं अलीकडे, युडोरा लारोंदची स्कूटर थांबली. थकल्या पायांच्या माणसांसाठी असते तशी, तीन चाकांची, बॅटरीवर चालणारी. हँडलवरचा शेवटचा दिवा विझला. मनगटावरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते आणि जहाज पाचला सुटणार होतं.

ते पांढरं जहाज इथूनही दिसत होतं. रोझो शहरातल्या सगळ्या छपरांपेक्षा ते उंच होतं.

"संपली का बॅटरी, मावशी?" मागून आलेली पिकअप थांबली. पन्नाशीचा ड्रायव्हर खाली उतरला. गळ्यात धक्क्यावरच्या टॅक्सीवाल्यांचा बिल्ला होता, त्यावर नाव हेस्केथ.

"बहिणीकडे, फिलोकडे आले होते. चढावर बॅटरी फार खाते," युडोरा म्हणाली. "आता कसलं जहाज मिळतंय. पाचला सुटतं."

"मिळतंय की. तुमच्या हातात आमच्या बेटाची वेळ आहे. जहाज चालतं मायामीच्या घड्याळावर, एक तास मागे. त्यांचे पाच म्हणजे आपले सहा. दर मोसमात कुणी तरी हा घोटाळा करतंच."

युडोरा घड्याळाकडे बघत राहिली. सकाळी धक्क्यावर उतरताच तिनं हौसेनं काटे पुढे केले होते, जन्मगावच्या वेळेवर. एका तासाची वजाबाकी. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मोजमापं सांभाळलेल्या बाईकडून तेवढीच राहून गेली होती.

"म्हणजे अजून सव्वा तास," ती म्हणाली. तिनं पर्स छातीशी घट्ट धरली.

"घाबरू नका. एकोणीस वर्षांत माझ्या गाडीतल्या एकाही पाहुण्याचं जहाज चुकलेलं नाही. दहा मिनिटांत पोचवतो."

त्यानं समोरच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या दोन कोळ्यांना हाक मारली. ते स्कूटर उचलायला वाकले तसा युडोरानं हात आडवा केला.

"अशी नाही. आधी बॅटरी काढायची, मग सीट, मग हँडल आडवं करायचं. मोडली तर नोरीन मला पुन्हा बाहेर सोडायची नाही."

नोरीन ही टोरांटोच्या वृद्धनिवासातली सेविका. बारा म्हाताऱ्यांना घेऊन ती या सफरीवर आली होती. कुणी काय खायचं, किती वाजता निजायचं, कोण कुठे जाणार, सगळं नोरीन ठरवी. आज तिनं युडोराला कसंबसं सहा तासांसाठी सोडलं होतं.

"बाई मास्तरीण दिसते," एक कोळी पुटपुटला.

"तरीच तुला धडकी भरलीय," दुसरा म्हणाला. "शाळेत कधी टिकलास का तू?"

बॅटरी निघाली. सीटची खीळ युडोरानं स्वतः ओढून काढली, पण ती तिच्या बोटांतून निसटली आणि रस्त्याकडेच्या खोल गटारात गेली.

"जाऊ द्या ती खीळ," हेस्केथ म्हणाला.

"तिच्याशिवाय सीट बसत नाही. मी धक्क्यावरून आत जाऊ कशी?"

कोळी गटारात उतरला. शेवाळात चाचपून खीळ सापडेपर्यंत पाच वाजून वीस मिनिटं झाली. युडोरा पिकअपच्या पायरीवर बसून होती. दर मिनिटाला घड्याळ बघत होती.

गाडी निघाली आणि फोन वाजला.

"युडोरा, आहेस कुठे तू?" नोरीनचा आवाज हेस्केथलाही ऐकू येत होता. "सगळे आले. तू एकटीच राहिलीस. शहाण्या बाईसारखी लवकर ये बघू."

"वाटेत आहे गं. येतेच आहे."

"मी काही तुझ्यासाठी उतरू शकत नाही हं. इथे अकरा जण आहेत."

"ठाऊक आहे मला," युडोरा म्हणाली आणि तिनं फोन पर्समध्ये टाकला.

हेस्केथनं वेग वाढवला. खड्ड्यात चाक आपटलं तशी ती कण्हली. "सावकाश, बाबा. माझ्या मणक्यांना सोसत नाही."

थोडं पुढे गेल्यावर ती ओशाळून म्हणाली, "संडास कुठे असेल का रे?"

हेस्केथनं ओठ चावला. चुलत बहिणीच्या दुकानापाशी गाडी थांबवली. दारापासून आतपर्यंत वीस पावलं. युडोरा काठी टेकत गेली, काठी टेकत आली. येताना भिंतीला धरून दोनदा थांबली. तिच्या कपाळावर खरोखरच घाम होता. पावणेसहा.

मग शेवटची गल्ली. सहलीवरून परतलेल्या रिकाम्या बसगाड्या समोरून येत होत्या. हेस्केथनं हॉर्नवरचा हात काढला नाही. कुणाला मामा म्हणाला, कुणाला गाढव म्हणाला, एका बसला अक्षरशः मागे रेटलं. वाट मोकळी होत होती. युडोरानं डोळे मिटून घेतले. छाती इतकी धडधडत होती की तिला वाटलं, त्याला ऐकू जाईल.

धक्क्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा भोंगा वाजला. तीनदा. जहाज आणि धक्का यांच्यात पाण्याची एक पट्टी दिसली, आणि बघता बघता ती रुंद झाली. वरच्या डेकवरच्या लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवून टाळ्या पिटल्या. उशीर झालेल्यांना नेहमीच अशा टाळ्या मिळतात.

हेस्केथनं टोपी काढली. "मावशी, तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा राहिली नाही."



पिवळ्या जाकिटातली एक मुलगी धावत आली. ती जहाज कंपनीची इथली प्रतिनिधी होती. "लारोंदबाई ना? फार वाईट वाटतं हो. कुणी मागे राहिलं की जहाजावरचे लोक खोलीच्या तिजोरीतून त्याचा पासपोर्ट काढून आमच्याकडे देऊन जातात. हा घ्या तुमचा. उद्या सकाळी जहाज सेंट लुशियाला असेल. विमानात जागा बघू का?"

युडोरानं पासपोर्ट उघडला. आतला फोटो पाहिला, स्वतःचं नाव बोटानं चाचपलं.

"नको," ती म्हणाली. "चार वर्षं मागत होते, नोरीन हातात देत नव्हती."

मग ती हेस्केथकडे वळली.

"चल रे. फिलोनं माझी खोली सकाळीच झाडून ठेवलीय."