घाट चढताना

विताना अडलेल्या घोडीला ट्रेलरमध्ये चढवून सुधन्वा आणि त्याची आत्या घाट चढत होते. घाटमाथ्यावर जनावरांचं हॉस्पिटल होतं. "माझी पिकअप हत्तीसुद्धा ओढेल," असं म्हणत त्यानेच भाड्याचा ट्रक नको म्हटलं होतं.

अर्ध्या चढावर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागला. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्यायचं, हे त्याला ठाऊक होतं. पण आत्यासमोर कमीपणा नको म्हणून त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

"जळका वास येतोय का रे?" आत्याने विचारलं.

"पुढच्या ट्रकचा असेल."

थोडं वर गेल्यावर इंजिन नुसतंच घोंगावू लागलं. गाडी पुढे सरकेना. चाकांना दगड लावून त्यांनी हॉस्पिटलला फोन केला. डॉक्टर खाली येईपर्यंत दुपार झाली. घोडी वाचली, पण शिंगरू मेलेलं निघालं.

सुधन्वा कठड्यावर बसून रडू लागला. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गाडी बिघडली, त्यात तुझी काय चूक?"

तो हात त्याला सोसवेना. "दिवा आधीच लागला होता, आत्या. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. थोडं थांबलो असतो तर वेळेत पोचलो असतो."

आत्याने हात काढून घेतला. ती उठून घोडीपाशी गेली आणि बराच वेळ तिची मान चोळत राहिली.

"बादली आण," ती अखेर म्हणाली. "तिला पाणी पाजू. आणि घरी सगळ्यांना हे तूच सांगायचंस."