ऐरण विरुद्ध सुतार

जिना चढतानाच तिला तो आवाज आला. टिंग. औषधांची पिशवी छातीशी धरून ती उरलेल्या पायऱ्या धावतच चढली.

तिच्या घरात धातूची वस्तू वाजत नसे. दाराची बेल तिने स्वतःच्या हाताने तोडली होती, स्टीलची भांडी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली होती, आणि जेवण लाकडी चमच्याने प्लॅस्टिकच्या वाडग्यातून चालायचं. घंटेसारखं काही वाजलं, की तिचा नवरा उठून मुठी आवळायचा आणि पुढची घंटा होईपर्यंत खाली बसायचा नाही. एरवी त्याला स्वतःचं नावही आठवत नसे.

तिने दार ढकललं. खोलीच्या मधोमध तो बनियनवर उभा होता. मुठी गालांशी, गुडघे लटपटताहेत, पायजमा मांडीपर्यंत ओला. समोर तीन खुर्च्या मांडून तिघं बसले होते: तिचा थोरला भाऊ, त्याचा मित्र रंगारी आणि दुसरा मित्र विमावाला. भावाच्या एका हातात पातेल्याचं झाकण होतं, दुसऱ्या हातात डाव. पोतं माळ्यावरून काढायला स्टूल लागलं असणार. ते स्टूलही तिथंच होतं, आणि रंगाऱ्याने त्यावर चहाचा कप ठेवला होता.

तिचा नवरा एके काळी रिंगमध्ये ऐरण म्हणून गाजला होता. कितीही ठोसे खाल्ले तरी पडायचा नाही म्हणून. त्याच काळात सुतार नावाचा दुसरा एक मुष्टियोद्धा होता. दोघांची गाठ कधी पडली नाही. पडली असती तर कोण जिंकलं असतं, यावर हे तिघं वर्षानुवर्षं काथ्याकूट करत आले होते, तोही याच खोलीत, ऐरणीच्या पलंगाला पाय लावून. तिघांपैकी कुणी जन्मात डासापलीकडे कशाला मारलं नव्हतं. विमावाल्याचं म्हणणं, दमला की ऐरणीचा डावा हात खाली यायचा, आणि सुताराचा ठोसा नेमका तिथंच बसला असता. भावाला ते साफ नामंजूर होतं. आज म्हणे सोक्षमोक्ष लावायचा होता.

"बरं झालं आलीस," भाऊ म्हणाला. "पाचवा राउंड आहे. अजून तरी हात आला नाही खाली."

"दादा, हे कधीपासून चाललंय?"

"अगं, मध्ये बसवतो ना त्याला. सगळं नियमाने. हा वारा घालतो."

रंगाऱ्याने हातातलं वर्तमानपत्र पुरावा म्हणून दाखवलं. दमवल्याशिवाय कसं कळणार, ताई, असंही वर म्हणाला. तेवढ्यात विमावाला खुर्चीतून अर्धा उठला. ऐरणीची डावी मूठ गालावरून घसरून छातीपर्यंत आली होती.

"आला," तो म्हणाला. "आला की नाही?"

तिला शिसारी आली. चहाच्या वासाची, त्या वर्तमानपत्राची, मूत सुकत चाललेल्या फरशीवर ऐटीत टेकलेल्या तीन जोडी पायांची. आणि सगळ्यांत जास्त त्या एका चेहऱ्याची, जो तिच्या स्वतःच्या चेहऱ्यासारखा होता. तिने भावाच्या हातातून झाकण आणि डाव काढून घेतले.

"उठा," ती म्हणाली. "पुन्हा ही पायरी चढायची नाही. दादा, तूसुद्धा."

रंगारी आणि विमावाला चपला शोधू लागले. भाऊ दारात थबकला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि तेच तिला सहन होईना.

"त्याच्या डोळ्यांकडे बघ तरी," तो म्हणाला. "किती दिवसांनी चमक आलीय."

आली होती. कित्येक वर्षं विझलेले ते डोळे जिवंत झाले होते. तिने दार लावून घेतलं.

तो उभाच होता. तिने बसा म्हटलं, आपण घरी आहोत म्हटलं, मी आहे म्हटलं. ती एक पाऊल पुढे सरकली तशी त्याने हनुवटी छातीत दाबली आणि घसरलेली डावी मूठ मोठ्या कष्टाने पुन्हा गालाशी नेली. तिच्यापासून बचाव करायला. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. हा कोसळेल, पण बसणार नाही, हे तिला कळून चुकलं.

झाकण अजून तिच्याच हातात होतं. तिने डोळे मिटून त्यावर डाव मारला.

टिंग.

तो तत्काळ पलंगावर बसला, शहाण्या मुलासारखा. भावाने वाजवल्यावरही असाच बसला असणार. मग त्याने मान वर केली आणि तोंड उघडून वाट बघत राहिला. काय हवंय ते तिला क्षणभर उमगेना. उमगलं तेव्हा तिने दोन बोटं त्याच्या तोंडात घातली आणि तिथं नसलेली, दातांवर बसवायची रबरी पट्टी काढून घेतली.

जिन्यावरून विमावाल्याचा आवाज येत होता. पाचव्यातच खेळ खलास, तो कुणाला तरी पटवत होता.

"सुतार उठला का?" नवऱ्याने विचारलं.

म्हणजे इतकी वर्षं पडल्या पडल्या तो सगळं ऐकत होता.

"उठला," ती म्हणाली. "घरी गेला."

त्याने समाधानाने मान हलवली. तिने त्याच्या पायजम्याची नाडी सोडायला घेतली. तो खोलीभर नजर फिरवत राहिला, भिंतीवरून, पलंगावरून, तिच्या केसांवरून.

"आपल्याला कधी सोडतील?" त्याने विचारलं.