कंदील निशाणीची बाई

जीप वडाखाली थांबली आणि तिच्यावरचा भोंगा रुखमाच्या दाराकडे वळला.

“बंधू आणि भगिनींनो!” बिरजूचा आवाज. हिवाळाभर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, होणाऱ्या नाटकांची जाहिरात करणारा हा गळा सध्या सरपंच वामनरावांनी प्रचाराला लावला होता. “ऐका, कंदील निशाणीच्या रुखमाबाईचा पराक्रम! तान्हं पोर कडेवर घेऊन ही बाई गेली तालुक्याच्या ऑफिसात. बोरिंग दुरुस्त करा म्हणून साहेबाच्या दारात ठाण मांडून बसली. आणि ऑफिसाच्या कठड्यावर, भगिनींनो, सरकारी कठड्यावर पोरीचे लंगोट वाळू घातले! गावाची अब्रू टांगली! साहेबानं हात जोडले, मेकॅनिक जीपमधी बसवला, तवा कुठी उठली! अशी बाई पंचायतीत पायजे का? रुखमाबाई! कंदील! पाहायला विसरू नका!”

शेवटचं वाक्य नाटकाच्या सवयीनं निघून गेलं. पुढच्या सीटवर वामनराव पोट धरून हसले. “चालू दे गा,” म्हणाले, “आता टोल्यांवर चल, एकही वस्ती सोडू नको.”

रुखमा चुलीपुढून हलली नाही. मांडीवर चिमी दूध पिता पिता झोपली होती. ओठ अजून आपल्याच नादात हलत होते. रुखमाचे कान मात्र तापले होते.

गोष्ट खरी होती. होळीच्या सुमारास गावची बोरिंग बंद पडली, तेव्हा ती कुणाला न सांगता गेली होती. एवढं लहान पोर, लंगोट ओले होणारच. वाळवायचे तरी कुठे? मेकॅनिक साहेबाच्या जीपनं पुढे आला, ती एसटीनं मागून आली. तोवर वामनरावांनी बोरिंगपुढे नारळ फोडून हार घालून घेतला होता. लंगोटांची लाज वाटून रुखमा गप्प बसली. घराबाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा श्रावण तर बांबूतोडीवर जंगलात होता. मग राहिलं कोण?

वामनरावांचं गणित सोपं होतं. बाईची कामं मोजत बसायचं नाही, तिची लाज काढायची. लाज काढली की बाई घरात बसते, आणि घरात बसलेल्या बाईला मत कोण देतं? गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता, पण वॉर्डातले चार टोले अजून बैलवाटेनंच गाठावे लागत. चिमीला कडेवर घेऊन रुखमा जेमतेम एका टोल्यावर पोचली होती.

शेजारची सुगंधाबाई कुडावरून वाकली. “माह्यावर चिडू नको वो. पण तुही सासू रोज वामनरावच्या ओसरीवर बसून राह्यली. ‘माही सून अशी, माही सून तशी.’ म्या या कानानं आयकलं.”

सासू केसरबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. रुखमा तिच्यापुढे उभी राहिली.

“आत्या, लंगोटाचं तुमी सांगतलं?”

“सांगतलं.” केसरबाईनं मानही वर केली नाही. “खोटं थोडी सांगतलं?”

“काऊन पण?”

“तू आता घरीच राह्य. टोल्यावर जाऊ नको. पोरगी उन्हानं लाल होऊन राह्यली.”

रुखमा आत आली. चिमीच्या तेलकट जावळात तोंड खुपसून पोटभर रडली. चिमी जागी झाली आणि आईचं ओलं नाक धरून हसायला लागली. निवडणूक गेली तर गेली, रुखमाच्या मनात आलं. पण लग्न होऊन आल्यापासून जिला माय मानलं, तिच्याशी उद्यापासून बोलायचं कसं?

सकाळी अंगणात बायांचा घोळका उभा होता. शेवटच्या टोल्यावरच्या, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

“कंदीलवाली बाई इथीच राह्यते का?” पुढची गिरजाबाई म्हणाली.

रुखमानं पदर ओढला. “मीच. काय काम होतं?”

“काम कायचं? पाह्यले आलो. जीपवाला म्हने, पाह्यले विसरू नका!” बाया खो खो हसल्या. मग गिरजाबाई जवळ आली. “आमची बोरिंग दिवाळीपासून बंद हाये. सरपंच म्हनते, कागद गेला हाये. तुह्या लंगोटानं मेकॅनिक येते, तं आमच्याही घरी पोरं हायेत वो. किती लंगोट पायजेत ते सांग!”

कुडापलीकडे सुगंधाबाईच्या हातातली घागर तशीच राहिली. “म्हंजे आपल्या बोरिंगचा मेकॅनिक सरपंचानं नाई आनला?”

दुपारपर्यंत बोरिंगवर दुसरा विषय नव्हता. वामनरावांच्या कानावर हे गेलं, तेव्हा त्यांनी जीप परत बोलावली. पण बिरजू रंगात आला होता. चारही टोल्यांवर त्याचा प्रयोग होऊन गेला होता.

शाळेत मतमोजणी झाली. कंदील निवडून आला. गुलाल उडाला, आणि सगळ्यात आधी चिमीच्या तोंडात गेला. बाया रुखमाला मिरवत घरी घेऊन आल्या. दारात केसरबाई आरतीचं ताट घेऊन उभी. तिनं सुनेला ओवाळलं, चिमीला घेतलं आणि पदरानं तिची जीभ पुसू लागली.

एवढे दिवस मनात ठेवलेलं रुखमानं शेवटी विचारलंच.

“आत्या, आता तरी सांगा. माह्या कागाळ्या त्या वामनरावच्याच ओसरीवर काऊन केल्या?”

“मंग कुठी करू, माय?” केसरबाई म्हणाली. “भोंगा तं त्याच्याचजवळ होता.”