काटा तांबड्यावर

"काटा तांबड्यावर गेला," ठकूबाई म्हणाली.

महिपतीने मुकाट्याने बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कशेडी घाट चढायला लागल्यापासून ही दुसरी वेळ.

मागे हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन सहदेव बसला होता. पोलादपुरात त्याचं गॅरेज होतं. घाटमाथ्यावर एक ट्रक बंद पडला होता, आणि तिथवर जायला त्याला ही बस मिळाली होती. बस कसली, घरच ते. उमरठच्या महिपतीने तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या आणि एक्क्याऐंशी साली काम सोडल्यावर लिलावातली ही जुनी डिझेल बस घेतली. बाकं काढून पलंग बसवला, स्टोव्ह ठेवला, पाण्याचं पिंप बांधलं. ठकूबाई महाडच्या बाजारापलीकडे कधी गेली नव्हती. आता दोघं कन्याकुमारीला निघाली होती.

इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा महिपतीने आपल्यापुढून काढून बायकोच्या बाजूला बसवला होता. जवळचं दिसत नाही म्हणे. ठकूबाईला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून त्यावर हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन पट्टे रंगवले होते. ती काटा बघायची आणि रंग सांगायची.

"अर्धा तास तरी निवू द्या," ती म्हणाली. "तवर तुमी पडा जरा."

"एकट्याला पडवत नाय मला. तू पन पड."

दोघं पलंगावर आडवी झाली. सहदेव खाली उतरला. कुणी त्याला काही बघायला सांगितलं नव्हतं. पण गाडी का तापते हे न कळता तिच्याशेजारी नुसतं बसून राहणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

त्याने बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते बेताने सैल केलं. पाणी तोंडापर्यंत होतं आणि उकळत नव्हतं. फॅनबेल्ट ताठ. कुठे गळती नाही. चढावर कुठलीही गाडी तापते तेवढीच ही तापली होती.

मग काटाच खोटा असेल. इंजिनातून काट्याकडे जाणारी वायर तो बोटाने चाचपत गेला. तिचं टोक सुटून लोंबत होतं. ही वायर सुटली की काटा हिरव्यावरून हलायचाच नाही. मग तांबड्यावर गेला कसा?

त्याने वर पाहिलं. ठकूबाई दारात उभी होती.

"जोडू नको ती," ती हळूच म्हणाली.

"काकी, काटा बंद हाय."

"ठाव हाय मला." तिने मागे पाहिलं. महिपती डोळे मिटून पडला होता. पायऱ्या उतरून ती जवळ आली, दम खात थांबली आणि मग बोलली. "ह्यांचं हृदय मोठं झालंय. महाडला मुंबईचा डॉक्टर आलता, आमा दोघांना तपासून त्यानं कागद दिला, ह्यांनीच वाचून दावला. तासाभरानं आडवं पडायचं, जड उचलायचं नाय. पन ऐकतात कुठं? मी थांबा म्हटलं तर हसतात. गाडी तापली म्हटलं का गप थांबतात."

"म्हणून तुमी..."

"माझ्यासाठी नाय थांबायचे रे, इंजिनासाठी थांबतात. सांगू नको त्यांना."

सहदेवने वायर होती तशी सोडली आणि बॉनेट लावलं.

बस पुन्हा निघाली. आता सहदेव महिपतीकडे वेगळ्या नजरेने बघत होता. जड स्टिअरिंग ओढताना त्याचे दंड फुगत होते. मध्येच तो बायकोला डाव्या अंगाची दरी दाखवी, खालच्या वाड्यांची नावं सांगे. ती एकेक नाव म्हणून बघे आणि हसे. एवढ्या धडधाकट माणसाच्या आत काय काय बिघडलेलं असतं, सहदेवच्या मनात आलं. बाहेरून पत्ता लागत नाही.

माथ्यावर ट्रक दिसला. बस थांबली. सहदेव उतरायच्या आत महिपतीने त्याची लोखंडाने भरलेली पिशवी एका हाताने उचलली आणि ट्रककडे चालू लागला.

सहदेव मागून धावला. "काका, ठेवा ती. जपून ऱ्हावा जरा."

महिपती थांबला. बस मागे राहिली होती. खिडकीत कोपर टेकून ठकूबाई दरीकडे बघत बसली होती.

"सांगितलंन वाटतं तिनं तुला," तो म्हणाला.

सहदेवने पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"वायर मीच काढली, मिस्त्री. ती म्हणल तवा तांबडा, म्हणून. गाडी तापली का नाय ते मला पायाखालच्या पत्र्यावरून कळतं. त्याला काटा कशाला लागतोय?"

"मग तुमी थांबता कशाला?"

"तिनं पडावं म्हणून." त्याने पिशवी खाली ठेवली. "माझ्यासाठी म्हटलं का ती धा वेळा थांबल. सोतासाठी एकदा नाय थांबायची. खरं कळलं असतं तर उमरठच्या बाहेर पाऊल टाकलं नसतंन."

"खरं म्हंजी?"

"कागद तिचा हाय. वाचताना मी नाव तेवढं बदललं."