पगारात घातलेलं पाणी

डेअरीत दुधातलं पाणी ओळखायची नोकरी करून करून तपासनीसाला आता माणसांतही पाणीच दिसायचं. मनासारखं घर सापडलं होतं आणि विकणारा शनिवारपर्यंतच थांबणार होता, तरी कर्ज मिळवून देणारा एजंट नीट पारखून घेतल्याशिवाय हा गडी सही करायला तयार नव्हता. शेवटी त्याने आपल्या पगाराच्या स्लिपवर स्वतःच्या हाताने एक शून्य वाढवलं आणि बाजारपेठेतल्या तिन्ही एजंटांकडे निघाला. बघू या, कोण किती पाण्यात आहे ते.

पहिल्या एजंटाने स्लिप बघून चहा मागवला. दुसऱ्याने चहाबरोबर बिस्किटंही मागवली. दोघेही चोर, तपासनीसाने मनातल्या मनात शिक्का मारला. तिसऱ्याने मात्र चष्मा पुसला, स्लिप उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, हे शेवटचं शून्य पेनाने काढलंय."

तपासनीस आनंदाने खुर्चीतून उठलाच. "वा! अहो, मी तुमची परीक्षा घेत होतो. आता माझं काम तुम्हीच करायचं!"

"पकडले गेले की सगळे असंच म्हणतात," एजंट म्हणाला आणि त्याने दार उघडून धरलं.

घरी बायको वाटच बघत होती. "काय हो, मिळाला का एखादा प्रामाणिक एजंट?"



"मिळाला ना. पण त्याला गिऱ्हाईकही प्रामाणिकच लागतं."