आठ बाय दहाची खोली

टेपचं एक टोक तुकारामच्या हातात होतं, दुसरं ब्रॅडली साहेबाच्या. मोजत होते ती तुकारामचीच खोली.

"आठ बाय दहा," साहेब खूश होऊन म्हणाला. "खाली एक पिंप, लाकडी घोडीवर दुसरं. साठ-साठ लिटर. खालचं रिकामं झालं की वरच्यातून त्यात बिअर आपोआप उतरेल, पंपाची गरजच नाही."

आखातातल्या बुसैतीनच्या त्या बंगल्यात साहेब सात वर्षं घरी बिअर करत होता, स्वयंपाकघरातल्या वीस लिटरच्या बादलीत. मित्र मिटक्या मारत प्यायचे, साहेबाची पाठ थोपटायचे. चौऱ्याण्णवच्या नाताळासाठी मात्र त्याने झल्लाकच्या किनाऱ्यावर चाळीस माणसं बोलावली आणि शंभर लिटरचा शब्द देऊन बसला. आता एवढं मावायचं कुठे? बंगल्यात जिकडेतिकडे सोफे नि कपाटं. राहिली घरगड्याची खोली.

"आणि मी?" तुकारामने विचारलं.

"मनामात नझीर ड्रायव्हरकडे झोप. बसने येत जा."

"रंभा चौदा डिसेंबरला येतेय, साहेब. तिचा व्हिसा तुम्हीच काढलात. नझीरभायच्या खोलीत पाच पुरुष राहतात."

"मग तिला पुढच्या वर्षी बोलावू."

पुढच्या वर्षी म्हणे. सात वर्षं त्याची बायको रंभा प्रत्येक पत्रात तेच वाचत आली होती. तुकारामच्या मस्तकात तिडीक गेली.

"पाहुण्यांची न्हाणी पाच बाय सात आहे," तो म्हणाला. "टबात एक पिंप, वर फळी टाकून दुसरं. मी मोजून बघितलंय. माझी खोली मी देणार नाही."

"खोली तुझी नाही, तुकाराम." साहेब हसला आणि घोडीकडे बघू लागला. "एवढ्या उंच चढायला जमेल ना तुला?"

"माझा बाप दिवसाला तीस माड चढायचा."

"हां, नारळवाला," साहेब म्हणाला. तुकारामने टेप गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नझीर गाडी घेऊन आला. दोघंही रत्नागिरीकडचे, त्यामुळे नझीर त्याला हक्काने झापायचा. सामान ते काय, एक ट्रंक, वळकटी आणि फडक्याने तोंड बांधलेली चिनीमातीची बरणी.

"सात वर्सं बघतोय ही बरणी," नझीर म्हणाला. "लोणचा चाखवणार कधी?"

"मुरतंय अजून."

"मेल्या कंजूषा. आणि असा मुकाट काय निघालास? तोंड शिवलंय काय तुझा? हात जोड, पाय धर."

"हात जोडायचा नाय, पाय धरायचा नाय. खोली तोच आपल्या हातानं देईल."

"इंशाल्ला," नझीर म्हणाला, ज्या सुरात तो न होणाऱ्या गोष्टींना म्हणायचा.

मनामाला पोचल्यावर तुकारामने ट्रंक खोलीत नेली. बरणी मात्र बाहेर जिन्याखालच्या सावलीत ठेवली.

"आत का नाय?" नझीरने विचारलं.

"आत तुमची नमाजाची चटई असते. वास येतो हिला."

सोमवारी साहेबाने माल्टचा पाक उकळला, गार केला, दोन्ही पिंपं भरली. यीस्टची पाकिटं विलायतेहून बोटीने आली होती आणि दरसालप्रमाणे अख्खा उन्हाळा बंदरावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाजत पडली होती. साहेबाने पाकीट आपल्या हाताने फोडलं, पूड भुरभुरली आणि नेहमीसारखा बातम्या ऐकायला निघून गेला. झाकणं लावणं तुकारामकडे असायचं. त्याने झाकणं लावली.

तिसऱ्या दिवशी फेस नाही. पाचव्या दिवशी साहेब पिंपाला कान लावून बसला. आठव्या दिवशी त्याने आणखी चार पाकिटं ओतली. बाराव्या दिवशीही पाक तसाच, गोडमिट्ट आणि निपचित. झल्लाकच्या चाळीस माणसांपुढे आता लाज जायची वेळ आली होती.

"सात वर्षांत असं कधी झालं नाही," साहेब तुकारामवर उखडला. "काय केलंस तू?"

"काहीच केलं नाही, साहेब." आणि ते अगदी खरं होतं.

"मग आता?"

"माझी खोली परत द्या. पाक नव्याने उकळू, पिंपं न्हाणीत लावू. तीन दिवसांत फेस आला नाही तर मला तिकीट काढून गावी पाठवा."

"खोलीचा आणि फेसाचा काय संबंध?"

"ते मला नका विचारू. चाळीस माणसं तुम्ही बोलावलीत. मी एकच बोलावलंय, आणि तिला येऊ देणार."

साहेब लालबुंद झाला. बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. शेवटी खिशातून किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली.

त्या संध्याकाळी नझीर डोकं खाजवत ट्रंक गाडीत चढवत होता. "कसा काय जमवलास रे? बरा, ते जाऊ दे. आज तरी लोणचा चाखव," म्हणत त्याने बरणीच्या फडक्याला हात घातला.

तुकारामने झटकन त्याचं मनगट धरलं.

"नको, नझीरभाय, तुम्हाला चालायचा नाय. लोणचा मफी, लोणचा नायच तो. बापाच्या मडक्यातल्या माडीचा आंबलेला गाळ हाय तो. झाकण लावताना साहेबाच्या बिअरीत मी सात वर्सं हाच वाटीभर ओततो."