होडीपुरतं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात जालन्याच्या एका मिशन शाळेत सिस्टर फिलोमिना मुलींना नाताळसाठी कोळीनाच शिकवत होत्या. समुद्र एकीनंही पाहिला नव्हता. वल्हं मारा म्हटलं की बेबीनंदाचे हात विहिरीचा दोर ओढल्यासारखे चालायचे, आणि तिचं बघून बाकीच्याही दोर ओढायला लागायच्या.

"अगं, होडी पुढे जायला हवी," सिस्टर वैतागल्या. "तू हे काय करते आहेस?"

"पाणी शेंदून राह्यले, सिस्टर. पाणीच न्हाई, तर होडी कशात चालंल?"

सिस्टरनी तिला शेवटच्या रांगेत उभं केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलींच्या आया खडी फोडायच्या कामावरून थेट शाळेत आल्या. केसांत धूळ, ओठ सुकलेले. पडद्याआडून सिस्टर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बेबीनंदाचा दंड धरला आणि तिला सगळ्यांच्या पुढे आणून उभं केलं.

"काढ पाणी," त्या म्हणाल्या.

पेटी वाजू लागली. बेबीनंदा वाकली आणि दोर ओढू लागली. मागं सगळ्या मुली तशाच ओढू लागल्या. हातांत काहीच नव्हतं, पण बादली जड होती, ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. शेवटच्या ठेक्याला बेबीनंदानं काठोकाठ भरलेली बादली दोन्ही हातांनी वर घेतली आणि लोकांच्या दिशेनं कलती केली.

टाळ्यांच्याही आधी पहिल्या रांगेतून तिची आई ताडकन उठून ओरडली,

"अगं बेबे, सांडू नको!"